जमादारानं दिलेले दोन शब्द

मित्रांनो, मी एक म्हातारी अल्सेशियन कुत्री आहे. माझं नाव बिजली. हसू नका, एके काळी ते नाव मला शोभत होतं. आता सकाळी मागचे पाय लवकर ऐकत नाहीत, डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि पुढचे दात झिजून गेलेत. तरी दिग्रसच्या गोपालशेठच्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी अजून माझीच जागा आहे. नवा माणूस आला की विचारतो, "ही म्हातारी कायले पोसता?" मग कापूस निवडणारी मैनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणते, "आधी हिची गोष्ट ऐक, मंग बोल." आज ती गोष्ट मीच सांगते. मैनाबाईच्या गोष्टीत मी वाघाएवढी असते, आणि खोटं मला खपत नाही.

माझा जन्म पुसद रस्त्यावरच्या एका तांड्यात झाला. मला वाढवलं ते प्रेमसिंग जमादारानं. बावीस वर्षं तो पोलिसांच्या श्वानपथकात होता. निवृत्त झाल्यावर तांड्यात परत आला आणि वावराच्या कडेला राखणीचे कुत्रे तयार करू लागला. नोकरी सुटली तरी लोकांच्या तोंडून जमादार काही सुटलं नाही.

त्याचा आवाज बारीक होता. ओरडलेलं मी त्याला कधी ऐकलं नाही. पण मित्रांनो, त्या आवाजाचं मला आजही नवल वाटतं! तुरीच्या वावरात मी दोनशे पावलांवर असायची, सरावाला उभ्या केलेल्या गड्याच्या हातावरची गोणपाटाची जाड बाही दातांत गच्च धरलेली असायची, अंगात नुसता वणवा पेटलेला असायचा, आणि तिकडून तो बोलल्यासारखा "सोड" म्हणायचा. लगेच माझा जबडा उघडायचा. जबडा माझा, दात माझे, राग माझा, आणि त्याची किल्ली त्याच्या जिभेवर! हे कसं होतं ते मला कधीच कळलं नाही.

त्यानं मला दोनच मोठे शब्द दिले. एक "धर", दुसरा "सोड". बाकी सगळी शिकवण न बोलता. तांड्यातले गडी आळीपाळीनं परके बनायचे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडांच्या आडून एकदम काठी उगारून धावून यायचे, शिव्या द्यायचे, दगड उचलायचे. माझ्या अंगावरचा केस न् केस उभा राहायचा. वाटायचं, एका झेपेत याचा निकाल लावावा. जमादार माझ्या पट्ट्यावर एक बोट ठेवून सांगायचा, "पयले मधात उभी राह्य. मंग बोल. दात सगळ्यात शेवटी."

आणि एक गोष्ट तो रोज सांगायचा. मला सगळ्यात अवघड गेली ती हीच. "जो थांबला, ज्यानं हात खाली टाकले, थो आता तुह्या राखणीत आला. त्याले कोणी हात लावला नाही पायजे. मी बी नाही."

एकदा मी चुकले. गडी थांबला होता, हात खाली होते, तरी मी त्याच्या पोटरीला दात लावलाच. जमादारानं मला मारलं नाही. पाठ फिरवली आणि दिवसभर माझ्याकडं पाहिलं नाही. त्यापेक्षा चार काठ्या बऱ्या होत्या हो! संध्याकाळी तो माझ्या कानातल्या गोचिड्या काढायला बसला आणि हळूच बोलायला लागला.

"पुसदले एका घरी देला होता मी कुत्रा. मायाच हाताखालचा. दूधवाला पायरीवर अडखळला. तोल सावराले त्यानं हात वर केला, आन कुत्र्यानं झेप घेतली. दोन बोटं गेली त्याची, बेटा. कुत्र्याचं काय चुकलं? म्या त्याले धराले शिकवलं, थांबाले शिकवलं नाही." एक गोचिडी काढून त्यानं दगडावर चिरडली. मग म्हणाला, "अजून एका गरिबाले मायाकडून असं झालं तं हा शिकवाचा पट्टा मी अरुणावती नदीत टाकतो. परत कुत्र्याले हात नाही लावत."

त्या दिवशी मला कळलं, माझे दात एकट्या माझे नाहीत. त्यांच्यावर एका माणसाचं सगळं आयुष्य टांगलेलं आहे.

सव्वा वर्षाची झाले तेव्हा मला गोपालशेठच्या जिनिंगवर आणलं. बाप्पा! ते आवार पाहून मी फाटकातच बसले. समोर कापसाचा डोंगर. पांढराशुभ्र, आभाळाला टेकलेला, वर चढलेली माणसं मुंग्यांएवढी. आत यंत्रांचा असा घरघराट की जमीन पायाखाली गुदगुल्या करत होती. एकीकडून कापूस आत जातो, सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते, आणि पलीकडून घट्ट बांधलेल्या गाठी बाहेर पडतात. अख्ख्या तालुक्याचं वर्षभराचं राबणं इथं येऊन पडतं म्हणे. आणि हे राखायचं कुणी? तर मी! माझी छाती फुगली की नाही सांगा.

जमादार पंधरा दिवस माझ्यासोबत जिनिंगवरच राहिला. माझ्यासाठी नव्हे, गोपालशेठसाठी. रोज सकाळी शेठला उभं करून शिकवायचा. "धर" कधी म्हणायचं, कधी नाही, "सोड" कसं म्हणायचं, म्हणताना हात कुठं असावा. शेठ बिचारा घामाघूम व्हायचा. जाताना जमादारानं त्याला बजावलं, "शेठ, साखळी कोणाच्याबी हाती द्या. शब्द देऊ नका. ज्याले द्याचा, त्याले पयले मायाकडं पाठवा."

"हाव जमादार, लक्षात राह्यते," शेठ म्हणाला. राहिलं नाही.

दोन हंगाम छान गेले. एका दुपारी कापसाच्या गंजीच्या आडोशाला बिडी शिलगावणाऱ्याला मी भुंकून भुंकून उठवलं. जिनिंगात एक ठिणगी म्हणजे सगळ्याची राख! शेठनं चार माणसांत माझं कौतुक केलं. मैनाबाई तर रोज दुपारच्या भाकरीतला पहिला तुकडा मला द्यायची आणि म्हणायची, "खाय माय, तू बी आमच्यासारखी मजुरीवालीच." कुत्र्यांबद्दल माणसांनी म्हणी काय कमी केल्यात? शेपूट नळीत घाला, नाहीतर धोब्याकडं पाठवा. मला मात्र त्या आवारात कुणी वाईट बोललं नाही.

तिसऱ्या हंगामात शेठचा पुतण्या आला. अमर त्याचं नाव. पुण्यात वाढलेला, शिकलेला, स्वभावानं गरीब पोरगा. काकाचा धंदा शिकायला आला होता. एकदा चहा पिता पिता शेठ त्याला सहज म्हणाला, "मी नसलो आन काही झालं तं हिले नुसतं 'धर' म्हणजो. काम फत्ते." झालं! जो शब्द द्यायला जमादारानं पंधरा दिवस घेतले, तो शेठनं बशीतला चहा संपायच्या आत देऊन टाकला. आणि "सोड"चं तर नावही काढलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. दिवाळी होऊन महिना झाला होता. फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. शेठ बाजार समितीत गेला होता. अमर कचेरीच्या पायरीवर मोबाइल घेऊन उभा. सकाळपासून तो बेचैन होता. कुठलासा निरोप मोबाइलवर फिरत होता म्हणे, की खोटे साहेब बनून जिनिंगा लुटणारी टोळी जिल्ह्यात आली आहे. त्याच्या अंगाला भीतीचा आंबूस वास येत होता. मी दोनदा जाऊन त्याचा हात चाटून आले.

आणि एकदम दोन ट्रॅक्टरांच्या मधून एक परका माणूस आत घुसला. खाकी कपडे, डोक्यावर टोपी, कानापर्यंत पिळलेल्या मिशा, हातात दंडुका. आल्या आल्या गरजला, "कोण हाये इथं मैनाबाई? सरकी चोरते काय? वॉरंट हाये तुह्या नावाचं! चाल ठाण्यात!" आणि त्यानं मैनाबाईचं मनगटच धरलं, वर दंडुका उगारला.

मैनाबाई किंचाळली, "अवो माय व! मेली व मी! सोडा साहेब, लेकरंबाळं हायेत मले!"

मला काय ठाऊक की हा बहुरूपी आहे! आपल्याकडची जुनी रीत. सोंग घेऊन यायचं, चहाच्या टपरीवर एखाद्याचं नाव विचारून घ्यायचं, आत येऊन त्यालाच दरडावायचं, आणि ज्याला दरडावलं त्यानंही घाबरल्याचं नाटक करायचं. सगळे पोट धरून हसले की बहुरूपी सलाम ठोकून बिदागी मागतो. मैनाबाई त्याला लहानपणापासून ओळखत होती. देवीलाल त्याचं नाव. पण मी आल्यापासून तो पहिल्यांदाच आमच्या आवारात आला होता. आणि पुण्याच्या पोरानं बहुरूपी कुठं पाहिलेला?

मी धावले. दोघांच्या मधे अंग घातलं, मैनाबाईचं मनगट सुटलं, आणि मी भुंकायला सुरुवात केली. पण मित्रांनो, भुंकता भुंकता माझं नाक गोंधळलं. हा माणूस एवढा गरजतोय आणि याच्या घामाला रागाचा वास नाही! ही बाई एवढी किंचाळतेय आणि हिच्या अंगाला भीतीचा वास नाही! असलं काही तांड्यावर मला कुणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बिजली, धर! धर!"

अमर ओरडत होता. शब्द तोच होता. माझ्या घरचा माणूस तो म्हणत होता. माझे पाय माझ्या आधी सुटले. मी झेप घेतली.

आणि त्या माणसानं जे केलं, ते आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो. तो पळाला नाही. ओरडला नाही. दंडुका त्यानं हातातून गळू दिला. दोन्ही हात अंगाला चिकटवून खाली सोडले. मान खाली, नजर पायांच्या बोटांवर. एका श्वासात त्याच्यातला साहेब निघून गेला. मिशा होत्या, टोपी होती, पण आत कुणीच उरलं नव्हतं. शेतात गाडलेला खांब उभा असतो तसा तो उभा होता. मी कितीतरी माणसं पाहिली होती, इतका थांबलेला माणूस पाहिला नव्हता.

जो थांबला, तो तुझ्या राखणीत आला.

मी हवेतच अंग वळवलं. माझा खांदा त्याच्या मांडीला घासून गेला, मी धप्पकन मातीत पडले, उठले आणि त्याच्यासमोर बसले. माझा जबडा त्याच्या लोंबत्या हातापासून वीतभर अंतरावर होता. आपल्या तोंडातलं पाणी मातीत ठिबकताना मी पाहत होते. आणि मला माझीच भीती वाटली हो! केवढी ताकद घेऊन आपण हिंडत असतो, आणि ती केवढ्याशा गोष्टीनं थांबते.

"धर म्हणतोय ना! धर!" अमरचा आवाज फाटला होता.

"अवो अमरभाऊ, बहुरूपी हाये थो! बहुरूपी!" मैनाबाई ओरडली. आता मात्र तिच्या अंगाला खरोखर भीतीचा वास होता. पण अमरच्या कानात काही शिरत नव्हतं. त्यानं भिंतीला टेकवलेली लोखंडी पहार उचलली आणि ती उगारून देवीलालवर धावून आला.

आता सांगा, मी काय करायचं? पहार उगारणारा माझा मालक. ज्याच्यावर उगारली तो परका. पण "मी बी नाही" असं जमादारानं स्वतःबद्दल सांगितलं होतं. मग अमर कोण?

मी उठले, वळले, आणि देवीलालला पाठीशी घालून अमरसमोर उभी राहिले. आणि भुंकले. जन्मात भुंकले नव्हते तशी भुंकले. कापसाच्या डोंगरावरची माणसं जागच्या जागी थांबली. अमर चार पावलांवर थबकला. माझे दात त्याला दिसत होते. पहार त्याच्या हातातून पडली, आणि तो रडवेला होऊन म्हणाला, "ही माझ्यावरच उलटली!"

पाऊण तासात शेठ आला. मला साखळीनं बांधून ठेवलं होतं. शेठ कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "मालकावर उलटलेली कुत्री मी ठेवत नाही." त्यानं जमादाराला फोन लावला आणि नुसतं एवढंच म्हणाला, "तुमच्या कुत्रीनं घोळ केला. या लवकर." काय घोळ, ते सांगितलंच नाही.

जमादार मोटारसायकलवरून उतरला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मी शेपूट हलवली. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. शेठ काहीतरी सांगत होता, त्याच्याकडंही पाहिलं नाही. "माणूस कोठी हाये?" एवढंच विचारलं.

देवीलाल मैनाबाईजवळ बसून चहा पीत होता. जमादार त्याच्यापुढं मातीत उकिडवा बसला. त्याच्या हातातली कपबशी बाजूला ठेवली, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, आणि त्याची बोटं एकेक करून चाचपायला लागला. अंगठा. तर्जनी. मधलं. दहावं बोट झाल्यावर त्यानं पुन्हा पहिल्यापासून चाचपली.

"दात लागला कोठी?"

"नाही जमादार," देवीलाल म्हणाला. "म्या तं मनात म्हटलं, भीक नको पण कुत्रं आवर! पण तिचं तिनंच आवरलं. मंग या भाऊनं पहार उचलली, तं मले पाठीशी घालून उभी राह्यली. चाळीस वर्सं गावोगाव सोंगं करून राह्यलो मी, लोकायनं कुत्रे सोडले मायावर. पण माया बाजूनं उभं राह्यलेलं कुत्रं आज पयल्यांदा पाह्यलं."

"तू थांबला कसा पण?"

"माया बापाची शिकवण. कुत्र्यापुढं सोंग चालत नाही. कुत्रं आलं का सोंग उतरवून ठेवाचं."

जमादारानं मान हलवली. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसतही नव्हता. मग तो उठून माझ्याकडं आला, साखळी सोडली, आणि सगळ्या माणसांसमोर माझ्या गळ्यात पडला. म्हातारा माणूस, पोलिसात बावीस वर्षं काढलेला, लेकरासारखा रडत होता.

बऱ्याच वेळानं तो शेठकडं वळला. "शेठ, कुत्री कोणावर उलटली? अमरभाऊ, हात दाखवा. दात लागला?"

"नाही," अमर म्हणाला.

"याले लागला नाही, तुमाले लागला नाही. मंग हिनं केलं तरी काय? दोघायलेबी वाचवलं. ती पहार याच्या डोक्यात बसली असती तं तुमी आज कोठी असते?"

अमरनं मान खाली घातली. "मला भीती वाटली, जमादार. काकांनी सांगितलं होतं, फक्त 'धर' म्हणायचं."

जमादारानं शेठकडं पाहिलं. शेठचा चेहरा उतरला. एवढा मोठा माणूस, पण खरं बोलला. "चूक मायी हाये, जमादार. शब्द म्या देला."

"भीती वाटनं काही गुन्हा नाही भाऊ," जमादार अमरला म्हणाला. "भेलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द देनं, हा गुन्हा. उद्या सकाळी तांड्यावर या. कुत्रीले काही शिकवाचं राह्यलं नाही. आता तुमाले शिकवतो."

अमर एक दिवस नाही, महिनाभर गेला. पहिल्याच दिवशी जमादारानं त्याला गोणपाटाची बाही घालून माझ्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, "थांबून दाखव." पोरगं चळचळा कापत होतं. पाचव्या दिवशी थांबलं. त्यानंतर इतकी वर्षं झाली, सगळी जिनिंग तोच पाहतो, पण "धर" हा शब्द त्यानं पुन्हा उच्चारलेला मी ऐकला नाही. गरजच पडली नाही. मी मधे उभी राहून बोलले की माणसं थांबतात, आणि थांबली की काम झालं.

मित्रांनो, आता माझं थोडं ऐका. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळू नका, काठी-दगड उगारू नका. हात खाली सोडा, नजर खाली ठेवा आणि देवीलालसारखे उभे राहा. बांधलेल्या कुत्र्याला खडे मारून चिडवू नका. तो सगळं लक्षात ठेवतो आणि भोगतो भलताच कुणीतरी. आणि तुमच्या घरी राखणीचा कुत्रा आणलात, तर चार पाहुण्यांत मिरवायला त्याला कुणाच्या अंगावर सोडू नका. त्याला शिकवायच्या आधी तुम्ही शिका. दात तर मला देवानंच दिले होते, त्यात माझा काय मोठेपणा? थांबायला जमादारानं शिकवलं. म्हणून देवीलाल आजही दोन्ही हातांनी सलाम ठोकतो, आणि जमादाराचा तो शिकवायचा पट्टा अरुणावतीत गेला नाही, अजून त्याच्या घरी खुंटीला आहे.